सागाचे बी आणि जंगलाचा इतिहास

नाशिकच्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला सागाची ओळख करून द्यावी लागत नाही. खांब, तुळया, दरवाजे ही सागाचीच. सागाचे रानही आपल्यापासून दूर नाही. पेठ, सुरगाणा आणि सीमेपलीकडचे डांग ही सागाचीच भूमी. त्यामुळे साग संपेल ही कल्पना आपल्या मनाला शिवत नाही. तथापि २०२२ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत सागाची नोंद संकटग्रस्त वृक्ष म्हणून झाली. जगात लक्षावधी एकरांवर सागाची लागवड असताना साग संकटात कसा? हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच इतिहासाचा आहे. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलेल्या आमच्यासारख्यांनी त्यात का लक्ष घालावे, हे पुढे दिसेलच.

साग मुळात भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांचा. त्याच्या लाकडात तेलाचा अंश असल्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही, आणि हा गुणच त्याला भोवला. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांचा लौकिक एवढा होता की, १८१७ साली मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. इंग्लंडातील ओक दुर्मिळ होऊ लागला तशी इंग्रजांची नजर आपल्या सागावर गेली. १८०६ साली मलबारच्या सागासाठी कॅप्टन वॉटसन यांची नेमणूक झाली. १८४२ साली डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील जंगल इंग्रजांनी पट्ट्याने घेतले. १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. पुढे रेल्वे आली. लोहमार्गाच्या एका मैलाला दोन हजारांच्या आसपास स्लीपर लागत. ते सारे सागाचे नव्हते हे खरे. पण जंगलावरचा बोजा वाढला तो वाढलाच. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगलाची मालकी सरकारची झाली आणि रानात राहणारा माणूस आपल्याच रानात गुन्हेगार ठरू लागला.

या इतिहासाचा सागाच्या वंशावर काय परिणाम झाला? जहाजाला आणि इमारतीला सरळ, उंच, जाड बुंध्याचे झाड हवे. म्हणून तेच आधी पडले. वाकडे, खुजे, पोकळ झाड मागे राहिले आणि पुढच्या पिढीचे बी त्यानेच दिले. गिरणीतले कसबी कारागीर आधी काढून टाकावेत आणि मग कापड का बिघडले म्हणून विचारावे, तसा हा प्रकार!

बाहेरून सारखे दिसणारे दोन साग आतून सारखे नसतात. एखाद्याला पालवी थोडी आधी फुटते, आणि पाने खाणारी अळी येईपर्यंत त्याची पाने निबर झालेली असतात. एखादा कमी पावसात तग धरतो. हे भेद बीजातून उतरतात. साग पावसाळ्यात फुलतो. कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि स्वतःच्याच परागाने त्याला फळ क्वचितच धरते. म्हणजे जंगलाचे तुकडे पडले, झाडे विरळ झाली, की जवळच्या नात्यातच संकर होत राहतो आणि वंश दुबळा होतो. रोग आला, हवामान बदलले, तर त्यातून पार पडण्याची शक्ती या विविधतेतच असते. भारतीय सागात ही विविधता मोठी आहे, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत दिसून आले आहे. याउलट मध्य अमेरिकेतील पुष्कळशा सागाचा वंश १९१३ साली ब्रह्मदेशातून त्रिनिदादला गेलेल्या थोड्याशा बियांपर्यंत जाऊन पोहोचतो.

१९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ऊतिसंवर्धनाने सागाची रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. हे यश मोठे आहे. परंतु एका झाडापासून केलेली हजार रोपे म्हणजे वंशाच्या हिशेबात एकच झाड. लागवड आणि जंगल यांतला हा फरक विसरल्यामुळेच आपण वृक्षांची नुसती मोजदाद करतो. २०२५ साली कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्यावरून नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हाही चर्चा किती तोडणार आणि किती लावणार याचीच अधिक. बी कोठले, हे कोणी विचारावे?

ते विचारण्याचा पहिला अधिकार, आमच्या मते, जंगलात राबणाऱ्याचा आहे. कूप तोडणारे हात आणि बी वेचणारे हात एकाच वस्तीतले. १९४५-४६ साली ठाणे जिल्ह्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, त्यात जंगलतोडीच्या मजुरीचाही प्रश्न होता. १९४७ पासून मुंबई सरकारने ठेकेदारांऐवजी जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कूप देण्यास आरंभ केला. मात्र त्या लढ्यांत आपण मजुरीचा दर मागितला, बियाचा विचार केला नाही. बी वजनावर विकत घेतले, तर मजूर फांद्या खाली आलेल्या, भरपूर फळलेल्या झाडाखालीच बसणार. उंच, सरळ झाडाकडे कशाला जाईल? दोष त्याचा नाही, दराचा आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण आणि पुनरुज्जीवन करण्याचा हक्क दिला. त्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये आदिवासी शेतकरी याच नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. त्या हक्काला आता बियाची जोड द्यावी. प्रत्येक रानातील निरनिराळ्या थोर झाडांना खुणा कराव्यात, ती कुऱ्हाडीतून वगळावीत, त्यांचे बी रोजंदारीवर गोळा करावे, कोणत्या रानाचे बी कोठे गेले याची वही ग्रामसभेने ठेवावी आणि रोपवाटिकांनी ती वही पाहिल्याशिवाय बी घेऊ नये. याला फार पैसा लागत नाही. हजेरीपट नीट ठेवता येणाऱ्या माणसाला ही वहीही ठेवता येईल.