टायगर मॉथ आणि शेपटीची दोरी

सोलापुरात विमानांच्या इतिहासावर बोलायचं तर वालचंद हिराचंद यांचं नाव आधी घ्यावं लागतं. 1882 साली इथं जन्मलेल्या या माणसानं डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. त्या कंपनीकडे आपण वळणारच आहोत. पण आजचा मुख्य विषय आहे टायगर मॉथ हे जुनं लष्करी विमान, आणि त्याच्या शेपटीला बांधलेली दोरी.

टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं 26 ऑक्टोबर 1931 रोजी. एकावर एक असे दोन पंख, 130 अश्वशक्तीचं इंजिन, ब्रेक नाहीत. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी, बोलायला मध्ये नळी. त्याचे पंख जरा मागे झुकलेले दिसतात ना, त्याचं कारण मोठं मासलेवाईक आहे. पुढच्या माणसाला पॅराशूट घेऊन चटकन बाहेर पडता आलं पाहिजे, अशी ब्रिटिश हवाई दलाची अट होती. म्हणून वरच्या पंखाचे मधले खांब पुढे सरकवले, आणि त्यानं बिघडलेला तोल सावरायला पंखांची टोकं मागे झुकवली. म्हणजे शिकणारा चुकणार, हे आराखड्यातच धरलेलं होतं. मला हे फार आवडतं.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडची मुलं यावरच उडायला शिकली, जोधपूरला आणि बेगमपेठला. बेगमपेठ म्हणजे आपल्या इथून वाडीमार्गे गाडीनं जायचं. पुढे टायगर मॉथची जागा एचटी-2 नं घेतली. ऑगस्ट 1951 मध्ये उडालेलं हे विमान आपल्या कोल्हापूर भागातल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरच्या त्याच कंपनीत घडवलं. गंमत अशी की, त्याआधी युद्धकाळात घाटगे यांनी तिथंच 10 माणसांचं एक लष्करी ग्लायडर केलं होतं. ग्लायडरला इंजिन नसतं. त्याला कुणीतरी वर ओढून न्यावं लागतं.

इथं आपली दोरी आली. 1940 साली इंग्लंडमध्ये रिंगवे इथं ग्लायडरच्या सैनिकांचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा ओढायला टायगर मॉथही जुंपले. युद्धानंतर अनेक देशांतल्या क्लबांनी तेच केलं. आपल्या हडपसरला ग्लायडर विंचनं उडवायचे. तिथं ओढणारं यंत्र जमिनीवर असायचं. विमानानं ओढायचं म्हणजे ओढणाराही हवेतच.

ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. बैल धावेवरून खाली जातात, नाडा ताणलेला असतो. नाडा अचानक तुटला तर बैल गुडघ्यावर येतात. इथं उलट होतं: नाडा तुटत नाही म्हणून घात होतो. ग्लायडर ओढणाऱ्या विमानाच्या फार वर गेलं की दोरी विमानाची शेपूट वर उचलते आणि नाक खाली जातं. वैमानिक दांडा पोटापर्यंत ओढतो, उपयोग नाही. सगळं दोन-तीन सेकंदांत. जमिनीपासून शेदोनशे फुटांवर असलेल्याला ते पुरत नाहीत. दोरीत मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवलेला असतो, पण शेपूट उचलायला फार जोर लागतच नाही, म्हणून तो तुटेलच असं नाही. काही जुन्या हुकांना वरून ओढ बसली की ते सुटायचेही नाहीत. अशा अपघातांत ओढणाऱ्यांचे जीव गेलेले आहेत. ग्लायडरवाला पुष्कळदा सुखरूप उतरतो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला प्रश्न पडतो तो 'वैमानिकाची चूक' या शब्दांचा. कोणत्या वैमानिकाची? पुढच्याचं विमान स्वतःची चूक सोसण्यासाठी बनवलं होतं. मागच्याची चूक सोसायची सोय त्यात कुणी केलीच नव्हती. आणि मागचा तरी दोषी किती? त्याची दोरी नाकाऐवजी पोटाखालच्या हुकाला लावली असेल, तर ग्लायडर आपणहून वर उसळायला बघतं. नवशिक्याला ते कळेपर्यंत पुढचं विमान त्याच्या नाकाखाली दिसेनासं झालेलं असतं.

म्हणून भाराखालीही सुटतील असे हूक आले, सोडण्याचा दांडा हाताशी आला. आणि मागच्याला पहिल्या दिवसापासून बजावलं जातं: पुढचं विमान दिसेनासं झालं की विचार करत बसायचं नाही, दोरी सोडायची.