क्लोज-अप भिंग

डिजिटल कॅमेऱ्याच्या मूळ भिंगापुढे आट्यांनी बसवायचे बहिर्गोल पूरक भिंग. त्याची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. मूळ भिंग अनंतावर ठेवले असता +२ चे भिंग ५० सेंमी., तर +४ चे २५ सेंमी. अंतरावरील वस्तू स्पष्ट दाखवते. त्यापलीकडचे सारे धूसरच येते. अशा वेळी कॅमेरा बिघडलेला नसतो, अंतर चुकलेले असते. फुलातले पुंकेसर टिपताना कॅमेराच किंचित मागेपुढे सरकवून स्पष्टता साधावी. एकेरी काचेच्या भिंगामुळे चित्राच्या कडा धूसर होतात. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ ठेवल्यास हा दोष घटतो. दोन काचांचे अवर्णी भिंग रंगीत झालरही कमी करते. हात हलल्याने येणारी अस्पष्टता तिपाईने टळते. भिंगे एकावर एक चढवू नयेत. प्रत्येक जादा काचेगणिक स्पष्टता कमी होते.