ई-मेलने आलेला फोटो मोबाइलवर कसा उघडतो? दिसतो एक, पोहोचतो दुसरा

महाराष्ट्रातला सातबारा, कर्नाटकातला आरटीसी उतारा, गोव्यातला फॉर्म १ व १४, जन्मदाखला, गुणपत्रिका. एका राज्यात कागद आणि दुसऱ्या राज्यात काम, अशी अवस्था असलेल्या घरांत हे कागद आता मोबाइलवर फोटो काढून ई-मेलने जातात. पाठवणाऱ्याला फोटो स्वच्छ दिसतो आणि समोरून निरोप येतो, ‘उघडत नाही’, ‘आडवा आलाय’, ‘अक्षर वाचता येत नाही’. अर्जाची मुदत त्या दिवशी संपत असेल तर हा निरोप महागात पडतो.

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे चित्र आणि पत्रासोबत गेलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक गोंधळ या फरकातूनच होतो. पडद्यावरचे चित्र फोनने आपल्या सोयीने तयार केलेले असते. समोरच्याला मिळते ती फाइल. ती किती मोठी आहे, कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्या आत आणखी काय दडले आहे, हे पडद्याकडे पाहून कळत नाही.

फोटो अक्षरे होऊन प्रवास करतो

ई-मेलची मूळ व्यवस्था फक्त साध्या इंग्रजी मजकुरासाठी होती. फोटो, आवाज किंवा इंग्रजीबाहेरची लिपी तिच्यात बसत नव्हती. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये ‘माइम’ ही पद्धत मांडली आणि हा अडथळा दूर झाला. बोरेनस्टाइन यांनी त्या वर्षी मार्चमध्ये पाठवलेल्या पहिल्या माइम अटॅचमेंटमध्ये त्यांच्या गायक-चौकडीचा फोटो आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण होते.

आजही तीच पद्धत चालते. फोटोची फाइल ‘बेस-६४’ नावाच्या रीतीने साध्या अक्षरांत बदलली जाते. फाइलमधल्या दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात, म्हणजे वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढते. एखाद्या कार्यालयाच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल, तर तिच्यातून प्रत्यक्षात सात एमबीच्या आसपासचीच फाइल जाते. ‘नऊ एमबीचाच तर फोटो होता, परत का आला?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा इथे सापडते.

पत्र मिळाल्यावर फोन ती अक्षरे पुन्हा फोटोच्या फाइलमध्ये बदलतो. या जाण्यायेण्यात फोटोचा दर्जा जराही घटत नाही. दर्जा घटतो तो पत्र निघण्याच्या आधी.

पत्राच्या पोटात की पत्राच्या खाली?

पत्रातल्या प्रत्येक फोटोला एक सूचना जोडलेली असते. तो मजकुरातच दाखवायचा की वेगळी अटॅचमेंट म्हणून ठेवायचा, एवढेच त्या सूचनेत असते. पण ती किती पाळायची हे प्रत्येक ॲप स्वतः ठरवते. आयफोनचे मेल ॲप फोटो बहुधा मजकुराच्या ओघातच उघडून दाखवते. जीमेल ॲप अटॅचमेंटचा फोटो पत्राच्या शेवटी छोट्या चौकटीत ठेवते. त्यामुळे एकच पत्र दोन फोनवर वेगळे दिसते आणि ‘वरून तिसरा फोटो बघा’ असे लिहिले तर समोरचा भलताच फोटो बघत बसतो.

कार्यालयीन पत्रांत ‘इमेज००१’ अशा नावाची अटॅचमेंट पुष्कळदा दिसते. तो बहुतेक वेळा सहीखालचा कंपनीचा लोगो असतो. फोटो जोडले असताना फक्त ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल आली, तर पाठवणाऱ्याच्या संगणकावरील आउटलुकने सगळे आपल्या खास गठ्ठ्यात बांधून पाठवले आहे असे समजावे. तो गठ्ठा मोबाइलवर सहसा सुटत नाही. पत्र साध्या स्वरूपात किंवा एचटीएमएल स्वरूपात पुन्हा पाठवायला सांगणे हाच सोपा उपाय.

पडद्यावर दिसते ती लहान प्रत

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० बिंदू, एकूण १ कोटी २० लाख. जेपीईजी फाइल म्हणून तो तीन-चार एमबीत मावतो. पण पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडावा लागतो आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर त्याला सुमारे ४८ एमबी मेमरी लागते. एका पत्रात असे दहा फोटो असले तर साधा फोन अडखळेल. म्हणून ॲप सगळे बिंदू उलगडत नाही. पडद्यापुरती लहान प्रत तयार करून तीच दाखवते.

मोबाइलचा पडदा उभा धरला तर रुंदीला साधारण १०८० बिंदू असतात. त्यात ४००० बिंदू रुंदीचा फोटो बसवला की मूळच्या जवळपास चौदा बिंदूंपैकी एकच प्रत्यक्षात दिसतो. त्यामुळे चांगला फोटो आणि बराच लहान केलेला फोटो मोबाइलवर सारखेच दिसू शकतात. फरक कळतो छपाईच्या वेळी. ए-४ कागदावर स्पष्ट छपाई हवी तर रुंदीला सुमारे २४८० बिंदू लागतात. फाइलमध्ये ६४० च असतील तर एका इंचाला जेमतेम ७७ बिंदू मिळतात. मग उताऱ्यावरचा गट नंबर ३ आहे की ८, हे झेरॉक्सच्या दुकानात कुणालाच सांगता येत नाही.

फोटो आधी पुसट दिसून नंतर स्वच्छ होणे किंवा ‘डाउनलोड करा’ असे चिन्ह येणे, यामागेही हेच काटकसरीचे कारण आहे. आयमॅप पद्धतीने चालणारे ॲप आधी पत्राचा मजकूर आणि फोटोंची यादी आणते, मोठी फाइल मागितल्यावरच उतरवते. रेंज कमी असेल तर पत्र दिसते आणि फोटोच्या जागी गोल फिरत राहते. फाइल खराब झाली असा त्याचा अर्थ नाही. ती अजून सर्व्हरवरून यायची आहे, एवढेच.

पाठवतानाच फोटो लहान होतो

आयफोनच्या मेल ॲपमधून फोटो पाठवताना लहान, मध्यम, मोठा आणि मूळ आकार असे पर्याय मिळतात. घाईत ‘लहान’ निवडला तर गेलेला फोटो कायमचा लहान. समोरच्याने कितीही ताणून मोठा केला तरी गेलेले बिंदू परत येत नाहीत. कागदपत्रांसाठी मूळ आकारच निवडावा.

आपल्याकडे याहून जास्त घडणारा प्रकार म्हणजे गावाकडून व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तसाच ई-मेलला जोडणे. व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलेले चित्र वाटेतच आकसते. गावाकडच्या माणसाला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले तर मूळ फाइल जशीच्या तशी येते.

दुसरे टोक फार मोठ्या फाइलचे. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे. त्यापुढे फाइल ड्राइव्हवर जाते आणि पत्रात फक्त लिंक राहते. ॲपलच्या मेल ड्रॉपमध्ये ५ जीबीपर्यंत फाइल जाते, पण लिंक ३० दिवसच चालते. लिंक म्हणजे अटॅचमेंट नव्हे. उघडण्याची परवानगी दिली नसेल किंवा मूळ फाइल पुसली गेली असेल, तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही.

आयफोनचा फोटो उघडत नाही तेव्हा

२०१७ मध्ये आयओएस ११ पासून ॲपलने एचईआयसी प्रकार वापरायला सुरुवात केली. जेपीईजीच्या जवळपास निम्म्या जागेत तेवढाच चांगला फोटो बसतो, म्हणून तो सोयीचा. अँड्रॉइडने ९ व्या आवृत्तीपासून त्याला आधार दिला. पण विंडोजच्या अनेक संगणकांवर तो उघडायला वेगळी जोडणी टाकावी लागते आणि अर्ज भरण्याची बरीच संकेतस्थळे तो घेतच नाहीत.

मेल ॲपमध्ये गॅलरीतून फोटो जोडला तर आयफोन बहुधा त्याचा जेपीईजी करून देतो. तोच ‘फाइल्स’मधून फाइल म्हणून जोडला तर एचईआयसीच जातो. कायमचा उपाय हवा असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे. नुसते नाव बदलून शेवटी ‘जेपीजी’ लिहिले तर आतली फाइल बदलत नाही.

उभा कागद आडवा का होतो?

फोन कसाही धरला तरी आतला सेन्सर आपल्या जागीच असतो. बहुतेक फोन फोटो सेन्सरच्या दिशेनेच साठवतात आणि सोबत १ ते ८ मधला एक आकडा नोंदवतात. उदाहरणार्थ, ६ म्हणजे ‘दाखवताना उजवीकडे ९० अंश फिरवा’. ही नोंद वाचणाऱ्या ॲपमध्ये फोटो सरळ दिसतो. न वाचणारे जुने सॉफ्टवेअर किंवा संकेतस्थळ तो आडवा दाखवते.

कागदपत्रांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. फोन उभा आहे की आडवा हे त्याला गुरुत्वाकर्षणावरून कळते. टेबलावरच्या कागदावर फोन सपाट धरला की त्याला दिशा नीट ठरवता येत नाही आणि चुकीचा आकडा नोंदवला जातो. फोटो किंचित क्रॉप करून सेव्ह केला की बहुतेक वेळा नवी फाइल सरळ तयार होते. फोनमधल्या स्कॅनच्या सोयीने पीडीएफ केली तर हा प्रश्न सहसा येत नाही आणि पानांचा क्रमही टिकतो.

फोटोबरोबर घरचा पत्ताही जातो

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचे मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. याला एक्झिफ नोंद म्हणतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना ही नोंद निघून जाते. ई-मेलच्या अटॅचमेंटमध्ये ती सहसा तशीच राहते. जुने फर्निचर विकायला काढून घरात घेतलेला फोटो अनोळखी माणसाला ई-मेल केला, तर त्याला घराचा ठावठिकाणाही मिळू शकतो.

आयफोनवर शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशन बंद करता येते. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशनची नोंद बंद ठेवता येते. पीक नुकसान किंवा अपघाताच्या फोटोत मात्र तारीख आणि ठिकाण हाच पुरावा असतो. अशी मूळ फाइल न छेडता जपावी.

पत्रात दिसतो, पण पत्रात नसतो

जाहिराती, बँकांची पत्रे, तिकिटे यांतली बरीच चित्रे पत्रासोबत येतच नाहीत. पत्रात फक्त त्यांचा इंटरनेटवरचा पत्ता असतो आणि पत्र उघडल्यावर फोन ती आणतो. त्यातून पाठवणाऱ्याला पत्र केव्हा उघडले हे कळू शकते. एका बिंदूएवढे न दिसणारे चित्र खास यासाठीच घातले जाते. जीमेल डिसेंबर २०१३ पासून अशी चित्रे गुगलच्या सर्व्हरमार्फत आणते. ॲपलने २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत मेलसाठी गोपनीयतेची सोय दिली.

व्यवहारातला मुद्दा असा की नेट नसेल तर अशा चित्राच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तिकिटाचा क्यूआर कोड पत्रात असेल तर घरून निघतानाच त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

मराठी नाव, अनोळखी फाइल

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि ई-मेलच्या शीर्षभागात जाताना त्याचे पुन्हा सांकेतिक रूप होते. आजचे फोन हे नीट वाचतात. जुन्या सर्व्हरवर मात्र ‘आजोबांचा उतारा’ या नावाची प्रश्नचिन्हे होतात किंवा फाइल ‘नोनेम’ म्हणून येते. सरकारी कार्यालयाला पाठवताना फाइलला रोमन लिपीत छोटे नाव द्यावे. मराठी नाव विषयाच्या ओळीत लिहावे.

उलट बाजूने, फोटो म्हणून आलेली प्रत्येक फाइल फोटोच असेल असे नाही. नावात आधी ‘जेपीजी’ आणि शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे. जीमेल अशी अटॅचमेंट अडवते, पण लिंकमधून ती येऊ शकते. फोटो पाहायला कोणतेही ॲप बसवावे लागत नाही किंवा पासवर्ड द्यावा लागत नाही. असे काही मागितले तर तिथेच थांबावे. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

कागद पाठवण्याआधी

• कागद खिडकीजवळच्या उजेडात, सावली न पाडता टिपावा. फ्लॅश टाळावा, चकाकीत शिक्का हरवतो.
• जेपीईजी किंवा पीडीएफ एवढेच दोन प्रकार वापरावेत.
• पाठवण्याआधी फोटो बोटांनी मोठा करून सर्वांत बारीक अक्षर वाचून पाहावे.
• अनेक पाने असतील तर एकच पीडीएफ करावी आणि पत्रात पानांची संख्या लिहावी.
• पत्र आधी स्वतःलाच पाठवून शक्यतो संगणकावर, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून पाहावे.
• काम पूर्ण होईपर्यंत मूळ फोटो फोनमधून पुसू नये. अक्षर वाचता येत नाही असा निरोप आला, तर पुन्हा पाठवायला तीच एक फाइल हाताशी असते. मूळ कागद तोवर दुसऱ्या राज्यातल्या घरी परत गेलेला असतो.