राउटरचे इशारे दडपू नका, वाचा!

हट्टा (जि. हिंगोली) : जुन्या संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवून त्यावर लिनक्स किंवा फ्रीबीएसडीवर आधारित मोफत प्रणाली चढवली, की घरगुती राउटर तयार होतो. हट्टा येथील एखाद्या घरात, जेथे एकाच जोडणीवर घर आणि दुकान दोन्ही चालवायचे असते, तेथे हा खटाटोप स्वस्त पडतो. मात्र काही दिवसांनी राउटरच्या नोंदींत पत्त्यांविषयीचे इशारे उमटू लागतात. इंटरनेट सुरू असल्याने त्यांकडे दुर्लक्ष होते आणि पीकविम्याचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशीच जोडणी तुटते.

पत्ते दोन प्रकारचे

प्रत्येक उपकरणाला दोन पत्ते असतात. आयपी पत्ता नेटवर्क देते व तो बदलू शकतो. हार्डवेअर पत्ता नेटवर्क कार्डाचा असतो. ‘अमुक आयपी कोणाचा?’ अशी दवंडी राउटर पिटतो आणि ज्याचा तो असेल ते उपकरण उत्तर देते. ‘एआरपी’ नावाची ही पद्धत १९८२ मध्ये ठरली. उत्तर देणारा खरा की खोटा, याची पडताळणी तीत नाही.

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. घरांतर्गत वापरासाठी १९९६ च्या नियमावलीत तीन गट राखून ठेवले आहेत. त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारा गट घरोघरी दिसतो. घोळ बहुधा येथेच होतो.

इशारा काय सांगतो?

फ्रीबीएसडीवरील राउटर सांगतो, की अमुक पत्ता एका कार्डाच्या बाजूला असायला हवा, पण उत्तर दुसऱ्या कार्डावरून आले. लिनक्स ‘मार्शियन सोर्स’ अशी नोंद करतो. मंगळावरून आल्यासारखे, म्हणजे त्या दिशेने येऊच नये असे पाकीट आले, हा त्याचा अर्थ. दोन्हींत राउटर बिघडलेला नसतो. जुळणीतील चूक तो दाखवत असतो.

कारणे व उपाय

१. दोन्ही कार्डांच्या तारा एकाच स्विचमध्ये : मोडेमची तार थेट बाहेरच्या कार्डात लावावी, स्विच केवळ आतल्या कार्डाला जोडावा.

२. दोन्ही बाजूंना एकच गट : मोडेम आणि घरचा राउटर दोघेही १९२.१६८.१ या गटातील पत्ते वाटत असतील, तर कोणते पाकीट कोठे धाडायचे हे राउटरला उमगत नाही. घरचा गट १९२.१६८.५० असा बदलावा किंवा मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीवर ठेवावा.

३. एकच पत्ता दोघांना : प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला हाताने दिलेला पत्ता राउटर आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांपैकी नसावा. जुना वायफाय राउटर केवळ वायफायसाठी जोडला असल्यास त्याचे पत्तेवाटप बंद करावे.

४. घुसखोरी : राउटरचाच आयपी पत्ता दुसरे उपकरण आपला म्हणून सांगत असेल, तर सावध व्हावे. अशा तोतयेगिरीतून सारी वाहतूक आपल्याकडे वळवता येते. ते उपकरण तोडावे, वायफायचा पासवर्ड बदलावा आणि तोवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

दोषी उपकरण कसे शोधावे?

इशाऱ्यातील हार्डवेअर पत्ता टिपून घ्यावा. त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून निर्माता कळतो. मात्र अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयफोनच्या आयओएस १४ (२०२०) पासून मोबाइल वायफायवर बनावट हार्डवेअर पत्ता वापरू शकतात. पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा असाच असतो. मग एकेक उपकरण बंद करून इशारा कधी थांबतो, ते पाहावे.

इशाऱ्यांची नोंद बंद करण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. दोन्ही कार्डे मुद्दाम एकाच जाळ्यात ठेवली असतील, तरच ती वापरावी. अन्यथा नोंद थांबते, दोष तसाच राहतो आणि पुढच्या वेळी तो शोधायला धागाही उरत नाही.