मुद्रा साताऱ्याची, मंजुरी पुण्याची

नवा पेशवा अधिकारावर आला म्हणजे साताऱ्याहून त्याच्यासाठीं वस्त्रें येत. 1774 सालीं अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांनाहि तीं आलीं. वस्त्रें देणारा धनी आणि तीं घेणारा सेवक, हें नातें कागदावर शेवटपर्यंत अबाधित राहिलें. परंतु त्याच धन्याच्या खासगीकडे किती पैसा जावा, हें मात्र सेवकाच्या पुण्यांतील कचेरींत ठरत असे. राज्यांत खर्चाचा हुकूम कोणाचा चालतो हें पाहिल्यावांचून सत्ता कोठें आहे तें कळत नाहीं. आणि सातारच्या गादीइतका याचा बोलका दाखला मराठ्यांच्या इतिहासांत दुसरा सापडणें कठीण.

हा पालट एका रात्रींत झाला नाहीं. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्चावर अमात्याची नजर असे व सचिव कागदपत्रें तपाशी. छत्रपतींची आज्ञा या दोन हातांतून गेल्यावरच पुरी होई. शाहूमहाराजांच्या दीर्घ कारकीर्दींत पेशव्यांचें वजन वाढत गेलें. 15 डिसेंबर 1749 रोजीं महाराज निवर्तले, तत्पूर्वीं त्यांनीं राज्याचा भार पेशव्यांवर सोपविणाऱ्या दोन चिठ्ठ्या लिहून ठेविल्या होत्या. पुढच्याच वर्षीं सांगोल्यास रामराजाकडून जो करार झाला, त्यानें उरलेंसुरलें काम पुरें केलें. मुद्रा साताऱ्यास राहिली, दप्तर पुण्यास गेलें.

परंतु खरा प्रश्न यापुढचा आहे. धन्याचा अधिकार प्रधानाकडे आला, तरी कृष्णाकांठच्या एखाद्या परगण्यांत शिबंदीचा पगार, देवस्थानची नेमणूक किंवा गढीची डागडुजी यांची मंजुरी पुण्यास बसून रोजच्या रोज कशी देतां येणार? ती अधिकाऱ्याच्या हातीं सोपविणें भागच होतें. पेशवाईच्या भरभराटीच्या काळांत ती ज्या रीतीनें सोपविली गेली, ती रीत आजच्या जाणत्या हिशेबनिसालाहि विचार करावयास लावील.

वर्षारंभीं मामलेदाराच्या हातीं हुजुरांतून अजमास पडे. त्यांत वसूल किती यावा आणि कोणत्या बाबींवर किती खर्च व्हावा, हें मांडलेलें असे. त्या मर्यादेंत खर्च करावयास त्याला कोणास विचारावें लागत नसे. मर्यादेबाहेर पाऊल टाकावयाचें तर हुजूरची मंजुरी हवी. नाहींतर वर्षाअखेरच्या हिशेबांत तो खर्च मजुरा पडत नसे व त्याच्याच गळ्यांत येई. गांवपातळीवरहि किरकोळ खर्चासाठीं ‘सादिलवार’ म्हणून वेगळी बाब असे. (‘सादिल’ हा शब्द सरकारी कचेऱ्यांत अजून जिवंत आहे, राज्यें गेलीं, पण किरकोळ खर्चाचें नांव टिकलें!)

या व्यवस्थेचें मर्म दरकदारांत होतें. मोठ्या सुभ्यांत मामलेदाराच्या शेजारींच दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस वगैरे मंडळी बसत. हुकुमावर दिवाणाची सही, हिशेबास मुजुमदाराची मान्यता, कागदावर फडणिसाची नोंद, असा क्रम असे. यांची नेमणूक सरकारांतून होई आणि मामलेदाराला त्यांस काढून टाकण्याची मुभा नव्हती. खर्चाचा अधिकार एकाच्या हातीं आणि त्याची नोंद त्याच्या मर्जीबाहेरच्या माणसाच्या हातीं, असा हा बंदोबस्त होता. तो निर्दोष होता असें नव्हे. मामलेदार व दरकदार संगनमत करीत. हिशेब तपासणाऱ्या वरच्या मंडळींचीं तोंडें बंद करण्यासाठीं ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ या नांवांनीं रकमा जात, व त्यांचा बोजा अखेर कुणब्यावर बसे. तथापि नाना फडणिसांसारखा माणूस हुजूर दप्तरावर असे तोंवर ही लूट हद्दीबाहेर जात नसे.

सांगलीची कथा वेगळ्या जातीची. पटवर्धनांकडे खर्चाची नुसती मंजुरी नव्हे, तर फौजेच्या खर्चासाठीं सबंध मुलूखच सोपविला होता. थोरल्या माधवरावांनीं 1764 च्या सुमारास गोविंद हरि आदि पटवर्धनांस सरंजाम लावून दिला, तो ठराविक स्वार बाळगण्याच्या अटीवर. हिशेब सरकारास द्यावयाचा व स्वारांची हजिरी व्हावयाची, हें गृहीतच होतें. परंतु ज्याच्या स्वारांवर लढाई जिंकावयाची त्याच्याकडे हिशेबाचा तगादा लावणें कोणत्याहि दरबारास जड जातें. 1801 च्या सुमारास मिरजेच्या घराण्यांत वांटणी होऊन चिंतामणराव सांगलीस आले, तेव्हां त्यांनीं आपल्याबरोबर जें आणलें तें फौजखर्चाची नेमणूक राहिलें नसून जवळजवळ राज्यच झालें होतें. 1819 सालीं इंग्रजांनीं त्यांच्याशीं स्वतंत्र करार करून त्यावर शिक्कामोर्तब केलें.

नाना 1800 सालीं गेले आणि दुसऱ्या बाजीरावानें मामलती जास्तींत जास्त बोली देणारास मक्त्यानें देण्याचा धडाका लावला. येथें अधिकार खालीं सोपविला गेला नाहीं, विकला गेला. ज्यानें बोलीचा पैसा आगाऊ भरला, त्याला हिशेब विचारणार कोण? दरकदार होते त्या जागीं नांवापुरते उरले.

1818 सालीं साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांची स्थापना झाली, तेव्हां ते पंचविशींत होते आणि त्यांच्याजवळ नेमलेला इंग्रज अधिकारी जेम्स ग्रँट अठ्ठावीस वर्षांचा. 25 सप्टेंबर 1819 च्या तहांत असें ठरलें कीं, तूर्त कारभार इंग्रज अधिकाऱ्यांनीं चालवावा आणि महाराज व त्यांचे कारभारी तयार होतील तसतसा तो त्यांच्या हवालीं करावा. ज्या घराण्याला खासगीच्या पैशासाठीं पुण्याकडे पाहावें लागे, त्याच्या वारसानें हें काम मनावर घेतलें. एप्रिल 1822 मध्यें कारभार त्यांच्या हातीं आला. पुढें त्यांनीं रस्ते बांधले, पाण्याची सोय केली, शाळा चालविली. मात्र इंग्रज वकिलाचा सल्ला मानण्याची अट तशीच राहिली. आणि सल्ला व मंजुरी यांमधली रेघ किती पुसट असते, तें 1839 सालीं पदच्युत होऊन काशीस जावें लागलें तेव्हां महाराजांना पुरतें कळलें असेल. 1848 सालीं तें राज्यहि खालसा झालें.

पुढें शंभर वर्षांनीं, 1948 मध्यें, सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला व 1960 मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. त्याच जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथें जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतांना 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला. 1 मे 1962 पासून शाळा, विहिरी, गांवरस्ते यांवरील खर्चाच्या पुष्कळशा मंजुऱ्या मुंबईच्या सचिवालयांतून सातारा-सांगलीच्या परिषदांकडे व त्यांच्या अधिकाऱ्यांकडे आल्या. परिषदेचे हिशेब ठेवणारा मुख्य लेखा अधिकारी मात्र परिषद नेमीत नाहीं. तो राज्य सरकारच्या सेवेंतून येतो.