हुकूम

मराठीत ‘हुकूम’ म्हटला की कचेरी आठवते, नाहीतर पत्त्यांतला हुकमी एक्का. शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. ह-क-म हे त्याचे धातुवर्ण. हाकीम, हकीम आणि हिकमत ही सगळी त्याच घरची. घोड्याच्या लगामाच्या एका भागालाही अरबीत ‘हकमा’ म्हणतात. आवरणे आणि जाणून निवाडा करणे, दोन्ही अर्थ त्या धातूत आहेत. इस्लाममध्ये हुक्म म्हणजे अल्लाहचा निवाडा, आणि ‘अल-हकीम’, परमज्ञानी, हे त्याचे एक नाव.

गुरू नानकांनी हाच दरबारी शब्द उचलला आणि त्याला सृष्टीच्या नियमाएवढा मोठा केला. त्यांच्या ‘जपुजी’ या प्रार्थनेच्या पहिल्या पौडीतच, म्हणजे कडव्यातच, तो येतो. शिखांचा धर्मग्रंथ गुरू ग्रंथ साहिब उघडल्यावर समोर येणारे वचन म्हणजे त्या दिवसाचा ‘हुकमनामा’.

आपल्या ‘आज्ञा’ या शब्दातही ‘ज्ञा’, म्हणजे जाणणे, आहे. अरबी आणि संस्कृत यांची भाषाकुळे वेगळी, तरी दोघींनी आदेश जाणतेपणाशी जोडला, याचे मला फार अप्रूप वाटते. नांदेडला गेलात तर हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात थोडे थांबा आणि हुकमनामा ऐका.