स्थानिक समिती (नाशिक जिल्हा)

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी जिल्हा पातळीवरील वैधानिक समिती. सर्वोच्च न्यायालयाच्या याच विषयावरील 1997 च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, 2013 मध्ये, याबाबतचा कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना हा नियम लागू पडतो.

दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर स्थानिक समितीकडे जावे लागते. नाशिकमध्ये या तरतुदीचे मोल मोठे आहे. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी, खुड्याला येणाऱ्या मजूर बायकांना मालकच काम देतो, मजुरीही तोच चुकती करतो आणि राहायची जागाही बहुधा त्याचीच. तक्रार केली की रोजगार आणि निवारा दोन्ही पणाला लागतात. लिहिता येत नसेल तर तक्रार लेखी करून देण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. तालुक्यातील समन्वय अधिकाऱ्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे धाडायची असते. तक्रार करण्याची मुदत घटनेपासून तीन महिने; सबळ कारण असल्यास आणखी तीन. हंगाम संपून गावी परतलेल्या बाईसाठी ही मुदत तोकडीच आहे. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी लागते. दरम्यान बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

छळाबरोबर जातिवाचक अपमानही झाला असेल, तर त्यासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वेगळा आहे.